पीएएच असताना व्यायाम कसा करायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हृदय आणि फुप्फुसाच्या पेशंटबरोबर काम करते. पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन, म्हणजे पीएएच असलेल्या पेशंटचे आणि त्यांच्या घरच्यांचे मेसेज रोज येतात आणि बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. एक आधीच सांगते, यातलं काहीही तुमच्या डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका, कारण हा आजार दोन माणसांत सारखा नसतो.

१. पीएएच म्हणजे बीपीच ना? मग बीपीवाल्यांसारखं रोज फिरायला गेलं की झालं?

नाही. आपण दंडाला पट्टा बांधून मोजतो तो सगळ्या शरीराचा बीपी. पीएएचमध्ये हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या जाड आणि अरुंद होतात, तिथला दाब वाढतो, आणि तो दाब दंडावर कळत नाही. इकोवरून अंदाज येतो, पण पक्कं निदान उजव्या बाजूच्या कॅथेटर टेस्टने होतं, म्हणजे शिरेतून उजव्या हृदयापर्यंत बारीक नळी नेऊन आतला दाब मोजतात. तिथला सरासरी दाब २० च्या वर असला तर तो वाढलेला धरतात (२०१८ पर्यंत ही रेषा २५ होती, म्हणून जुन्या रिपोर्टवर वेगळं लिहिलेलं दिसेल). दंडावरचा बीपी मात्र बऱ्याच पीएएच पेशंटचा उलट कमीच असतो, आणि गोळ्यांनी अजून कमी होतो. म्हणून शेजारच्या काकांचा बीपीचा व्यायाम तुम्हाला चालेलच असं अजिबात नाही.

२. मला २०१० च्या आसपास डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, दगदग करायची नाही. आता नवीन डॉक्टर म्हणतात व्यायाम करा. खरं कोणाचं?

दोघांचंही, आपापल्या वेळेला. पूर्वी भीती अशी होती की व्यायामाने उजव्या हृदयावर ताण येईल, माणूस चक्कर येऊन पडेल, आणि ती भीती काही उगाच नव्हती. मग २००६ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या टीमने ३० पेशंटचा एक अभ्यास छापला. औषधं सगळ्यांची चालूच होती, अर्ध्यांना त्यावर १५ आठवडे हलका व्यायाम दिला, पहिले ३ आठवडे हॉस्पिटलात डोळ्यासमोर आणि पुढचे १२ आठवडे घरी. व्यायाम करणारे सहा मिनिटांत सरासरी ९६ मीटर जास्त चालायला लागले. छोटाच अभ्यास होता पण त्याने दार उघडलं. २०२१ मध्ये युरोपातल्या १० देशांतल्या ११ सेंटरचा एकत्र अभ्यास आला, तिथे ही वाढ साधारण ३४ मीटर होती, म्हणजे कमी, पण वेगवेगळ्या सेंटरांतही जमतं हे त्यातून दिसलं. २०२२ च्या युरोपियन गाइडलाइनमध्ये औषधं चालू असलेल्या पेशंटसाठी देखरेखीखालचा व्यायाम ही पहिल्या दर्जाची शिफारस आहे.

त्या वाक्यातले दोन शब्द लोक गाळून टाकतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं : औषधं चालू आणि देखरेखीखाली. औषध परवडत नाही म्हणून त्याऐवजी व्यायाम, असं गणित कृपा करून मांडू नका.

३. दाब तर फुप्फुसाच्या धमन्यांत आहे, मग पाय हलवून काय होणार? व्यायामाने आजार बरा होतो का?

बरा होत नाही. पण दम लागण्याचं सगळं कारण फुप्फुसात नसतं. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिलं की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रोडावतात, आणि पीएएचमध्ये स्नायू तसेही कमजोर होतात. मग कमजोर स्नायू त्याच कामाला जास्त ऑक्सिजन मागतात, उजवं हृदय तो पुरवू शकत नाही, दम अजून लवकर लागतो आणि माणूस अजून बसतो. हे चक्र पायांच्या बाजूने तोडता येतं. हायडेलबर्गच्याच टीमच्या २०१६ च्या एका अभ्यासात कॅथेटर घालून मोजलं तेव्हा हृदयातून बाहेर पडणारं रक्तसुद्धा थोडं सुधारलेलं दिसलं, म्हणजे फायदा फक्त पायांपुरताच नाही. तरी मी पेशंटना सांगताना पायांचंच सांगते, कारण ते त्यांना स्वतःला जाणवतं, कमोडवरून हात न टेकता उठता येतं, एका दमात बाथरूमपर्यंत जाता येतं.

४. सुरू कधी करायचं? निदान कालच झालंय.

कालच झालं असेल तर आज नाही. आधी औषधं बसू देत. साधारण दोन-तीन महिने औषधांत मोठा बदल नाही, पायाला सूज नाही, वजन स्थिर आहे, गेल्या काही आठवड्यांत चक्कर येऊन पडणं नाही, असं असलं की डॉक्टरांना विचारा. विचारताना "व्यायाम करू का?" एवढंच विचारू नका, त्याचं उत्तर "हो, थोडं चालत जा" असंच येतं. असं विचारा : माझा फंक्शनल क्लास (किती हालचालीला दम लागतो त्यावरून १ ते ४) कितवा, इकोवर उजवं हृदय कसं आहे, चालताना ऑक्सिजन किती खाली गेला तर चालेल, नाडी किती वर गेली तर थांबू. हे चार आकडे चिठ्ठीवर लिहून घ्या आणि फिजिओकडे जाताना न्या. क्लास ४ म्हणजे बसल्या जागी दम असेल तर घरी स्वतःहून काहीही करायचं नाही.

५. सहा मिनिटांची चालायची टेस्ट असते ती पास व्हायची असते का? मागच्या वेळी आईने जीव तोडून चालून दाखवलं.

पास-नापास काही नसतं त्यात. ३० मीटरच्या सरळ पट्ट्यावर सहा मिनिटांत किती अंतर होतं ते मोजतात, मधे थांबलेलं चालतं, फक्त घड्याळ चालू राहतं. ४४० मीटरच्या वर असेल तर त्या बाबतीत धोका कमी धरतात, १६५ च्या खाली असेल तर जास्त, पण नुसत्या या एका आकड्यावर कोणी काही ठरवत नाही. आईंना सांगा, डॉक्टरांना खूश करायला चालू नका, त्यामुळे औषध वाढवायची गरज असून ती दिसत नाही. आणि दरवेळी त्याच चपला-बूट, गोळी घेतल्यावर तेवढ्याच वेळाने, नाहीतर दोन टेस्टची तुलना करता येत नाही. घरच्या गॅलरीत ही टेस्ट करू नका, जागा पुरत नाही आणि वळण्यातच वेळ जातो.

६. नक्की करायचं काय? किती मिनिटं, कोणता व्यायाम, सगळं सांगा.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा लांब लिहिते.

पायाभूत गोष्ट म्हणजे तुकड्या-तुकड्यांत करायचं. हायडेलबर्गचा सायकलचा कार्यक्रम असाच होता, अर्धा मिनिट अगदी हलकं आणि एक मिनिट थोडं जड, असं आलटून पालटून १० मिनिटांपासून २५ मिनिटांपर्यंत. जड म्हणजे आपल्या कल्पनेतलं जड नाही, धडधाकट माणसाला ते पेडल मारतोय असंही वाटणार नाही. सलग अर्धा तास चालण्यापेक्षा असं केलं की हृदयाला मधे मधे श्वास घ्यायला जागा मिळते. जागेवरची सायकल नसेल तर चालण्यातही हेच करता येतं, घरातल्या घरात किंवा सपाट रस्त्यावर एक मिनिट चालायचं, मग अर्धा मिनिट एकदम सावकाश, पावलं मोजत.

पहिल्या आठवड्यात मी बहुतेकांना फक्त ५ मिनिटं देते, दिवसातून दोनदा. लोक नाराज होतात, "एवढंच?" म्हणतात. हो, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर नेहमीपेक्षा जास्त थकवा नसेल तरच पुढच्या आठवड्यात एक-दोन मिनिटं वाढवायची. आधी वेळ वाढवायची, वेग नंतर, आणि दोन्ही एकाच आठवड्यात कधीच नाही.

स्नायूंसाठी अर्धा किलो ते एक किलो वजन बास आहे. डंबेल विकत आणायची गरज नाही, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली किंवा अर्ध्या किलोचं तूरडाळीचं पाकीट चालतं. एका वेळी एकच हात. उचलताना तोंडाने श्वास सोडायचा, मोठ्याने एक-दोन-तीन मोजत उचललं तर श्वास आपोआप रोखला जात नाही. पायांसाठी खुर्चीवर बसून गुडघा सरळ करणं, टाचा उचलणं, आणि जमायला लागलं की खुर्चीवरून उठणं-बसणं. जमिनीवर बसून करायचे व्यायाम मी सुरुवातीला देतच नाही, उठताना चक्कर येते.

शेवटी एकदम थांबू नका, दोन-तीन मिनिटं हळूहळू कमी करत थांबा. आणि लगेच कडक पाण्याने आंघोळ नको, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी खाली येतो, बाथरूमला आतून कडी लावलेली असते आणि माणूस आत पडतो. अर्धा तास थांबा, पाणी कोमट घ्या, कडी लावू नका.

७. थोडा दम लागलाच पाहिजे ना, नाहीतर व्यायाम कसला? किती दम चालेल?

चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. "आज भाजीला काय करायचं" हे एका श्वासात म्हणता येतंय तर ठीक, दोन शब्दांवर तुटतंय तर जास्त होतंय. शून्य ते दहाच्या दमाच्या पट्टीवर ३ च्या आसपास, ४ म्हणजे वेग कमी करा. २००६ च्या अभ्यासात नाडी १२० च्या वर जाऊ द्यायची नाही असं ठेवलं होतं, पण तुमची मर्यादा प्रश्न ४ मधल्या चिठ्ठीवरचीच. नाडी कमी करणारी गोळी चालू असेल तर नाडीवर विसंबू नका, बोलण्यावर विसंबा.

जास्त दम लागायच्या आधी थांबायला शिकायचं आहे, आणि हे शिकवायला मला व्यायाम शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आपल्याकडे थांबणं म्हणजे हरणं असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं.

८. लगेच थांबायची लक्षणं कोणती?

डोळ्यांसमोर अंधारी, डोकं हलकं होणं, छातीत दुखणं किंवा दाबल्यासारखं, छातीत फडफड, ओठ निळे पडणं, मळमळ आणि गार घाम. यातलं काहीही झालं तर त्या दिवशी व्यायाम संपला, "पाच मिनिटं बसून परत बघू" नाही. अंधारी आली तर उभं राहून भिंतीला टेकू नका, सरळ खाली बसा किंवा आडवे व्हा. खरंच शुद्ध हरपली, अगदी दोन सेकंद जरी, तर त्याच दिवशी डॉक्टर. चालताना बेशुद्ध पडणं हा या आजारात गंभीर इशारा असतो, उन्हामुळे झालं असेल असं म्हणून सोडून देऊ नका. छातीत दुखणं थांबत नसेल तर १०८ ला फोन.

आणि हे ठळक लिहा कुठेतरी : बऱ्याच घरांत छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात. पेशंट सिल्डेनाफिल, टाडालाफिल किंवा रिओसिग्वाट (या पीएएचच्याच गोळ्या) घेत असेल तर ती गोळी द्यायची नाही, बीपी धोकादायक खाली येतो. अँब्युलन्सवाल्यांनाही पहिलं हेच सांगा.

९. ऑक्सिमीटर कधी ९४ दाखवतो, कधी ८१. कोणता खरा धरायचा?

बोट गार असेल, गडद नेलपेंट असेल, मेंदी ताजी काळसर असेल किंवा हात हलत असेल तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, हात मांडीवर ठेवा, आकडा अर्धा मिनिट स्थिर होऊ द्या आणि मग वाचा. मशीनवरची नाडी आणि मनगटावर मोजलेली नाडी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही सोडून द्या. स्क्लेरोडर्मामुळे (कातडी कडक करणारा आजार) ज्यांची बोटं पांढरी-निळी पडतात त्यांना बोटावरचं मशीन फसवतं, त्यांनी कानाला लावायचा प्रोब मिळतो का ते सेंटरमध्ये विचारावं. मी घरी करणाऱ्यांना साधारणपणे ९० ला वेग कमी, ८८ ला थांबा असं सांगते, ज्यांना जन्मतः हृदयात छिद्र आहे ते सोडून, त्यांच्यासाठी प्रश्न १४ बघा.

१०. मी दिवसभर घरकाम करते, तोच व्यायाम झाला ना?

हा प्रश्न फक्त बायकाच विचारतात, आणि पीएएच बायकांना जास्त होतो, त्यामुळे याचं उत्तर घरातल्या बाकीच्यांनीही वाचावं. नाही, झाला नाही. घरकामात वेग तुमच्या हातात नसतो, कुकरची शिट्टी, नळाची वेळ, मुलांची शाळा ठरवते. शिवाय त्यात नेमक्या वाईट हालचाली असतात, भरलेली कळशी उचलणं, ओली चादर पिळणं, पंप मारून पाणी काढणं, खाली बसून फरशी पुसणं. जोर लावताना आपण नकळत श्वास रोखतो, आणि श्वास रोखून जोर लावला की हृदयाकडे येणारं रक्त एकदम कमी होतं आणि मग चक्कर. (बद्धकोष्ठतेत कुंथणं पण यातच आलं, लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा.)

पिळणं, उचलणं, घासणं दुसऱ्या कोणीतरी करायचं. भाजी निवडणं, पोळ्या लाटणं, कपड्यांच्या घड्या हे उंच स्टुलावर किंवा खुर्चीवर बसून. व्यायामाची वेळ कामांच्या आधी ठेवा, सगळी कामं उरकून उरलेल्या जिवात नाही.

११. तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. घर बदलायचं का?

जिना हा पीएएचमध्ये सपाट चालण्यापेक्षा खूप जड पडतो, त्यामुळे जिना चढणं हा व्यायाम म्हणून मी देत नाही. पण रोजच लागत असेल तर शिकून घ्या. पाय उचलून वर ठेवताना श्वास सोडा, चार पायऱ्यांनंतर दम नसला तरी थांबा, प्रत्येक मजल्यावर एक स्टूल ठेवा (सोसायटीवाले कुरकुर करतील, त्यांना आजार सांगा, बहुतेक ऐकतात), हातात पिशवी नको. रोजच्या फेऱ्या एकावर आणा. तरीही अंधारी येत असेल तर मग हो, तळमजला बघा.

१२. योगा आणि प्राणायाम तर चालेलच, त्यात काय ताण आहे?

निवडक चालेल. कपालभाती आणि भस्त्रिका नको, जोराचे झटके असतात. कुंभक कोणत्याही प्रकारचा नको, श्वास रोखणं म्हणजे प्रश्न १० मधलीच गोष्ट. शीर्षासन, सर्वांगासन नको. सूर्यनमस्कारात डोकं भराभर खाली-वर होतं, गोळ्यांनी बीपी आधीच कमी असतो, म्हणून तेही सुरुवातीला नको. श्वास न रोखता अनुलोम-विलोम, भ्रामरी, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं, शवासन हे सगळं छान. टीव्हीवर बघून करू नका, समोरचा माणूस तुम्हाला बघत नसतो.

१३. गोळ्या, जेवण आणि व्यायाम यांची वेळ कशी जुळवायची?

गोळी चुकवून व्यायाम नाही. जेवल्यावर दीड-दोन तास जाऊ देत, पण एकदम रिकाम्या पोटीही नको. लघवीची गोळी सकाळी घेतली असेल तर तिचा जोर ओसरल्यावर करा. एकादशीला किंवा निर्जळी उपासाच्या दिवशी व्यायामाला सुट्टी द्या, लघवीची गोळी आणि उपास एकत्र आले की बीपी पडतो. रोज सकाळी लघवी करून, नाश्त्याआधी वजन लिहा, एका दिवसात दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, व्यायाम थांबवून फोन करा. लोणचं-पापड कमी करा हे सगळ्यांना माहीत असतं, पण मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या कैऱ्या आणि फरसाण मात्र मोजायचे राहून जातात.

घरी ऑक्सिजन लावला असेल तर व्यायामाच्या वेळी तो काढायचा नाही, उलट तेव्हा किती लिटर ठेवायचा ते वेगळं लिहून घ्या. "सवय लागेल" ही भीती काढून टाका, ऑक्सिजनची सवय लागत नाही.

१४. माझा पीएएच वेगळ्या कारणाने आहे, मला हेच लागू होतं का?

बरंचसं, पण अपवाद आहेत. फुप्फुसात जुन्या गुठळ्या राहिल्यामुळे दाब वाढला असेल तर आधी ऑपरेशन किंवा बलूनने उपचार होऊ शकतो का ते तपासून घ्या, कारण तिथे उपचाराने खूप मोठा फरक पडू शकतो आणि व्यायामात महिने घालवणं चूक ठरेल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पडण्याला जपा. जन्मतः हृदयात छिद्र होतं आणि आता आयसेनमेंगर झालंय (म्हणजे फुप्फुसातला दाब इतका वाढलाय की कमी ऑक्सिजनचं रक्त छिद्रातून अंगभर जातं) त्यांचा ऑक्सिजन बसल्या जागीच ८०-८५ असू शकतो, त्यांना प्रश्न ९ चा ८८ चा नियम लावला तर ते कधी खुर्चीवरून उठणारच नाहीत, त्यांची मर्यादा त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टनेच ठरवायची, आणि त्यांनी उन्हात, पाणी न पिता व्यायाम तर मुळीच करायचा नाही. स्क्लेरोडर्मा, ल्युपसवाल्यांना सांधे दुखत असतील त्या दिवशी वजनं सोडून फक्त चालणं.

गरोदरपणाबद्दल विचारणाऱ्या मुली असतात. तो व्यायामाचा प्रश्नच नाही, या आजारात गरोदरपण आईच्या जिवाला फार धोक्याचं असतं आणि बोसेंटानसारख्या काही गोळ्या बाळाला घातक असतात, म्हणून दिवस राहिल्याची शंका आली तरी त्याच दिवशी डॉक्टर.

१५. महाबळेश्वर, गड, वारी, केदारनाथ यातलं काय जमेल?

उंचीवर हवेतला ऑक्सिजन कमी मिळतो आणि फुप्फुसातल्या धमन्या अजून आकसतात. साधारण १५०० ते २००० मीटरच्या वर ऑक्सिजनशिवाय जाऊ नका असं सांगतात. महाबळेश्वर १४०० च्या आत आहे, त्यामुळे तब्येत स्थिर असेल तर गाडीने जाऊन सपाट भागात फिरणं बऱ्याच जणांना जमतं, विचारून जा. आपल्याकडे उंचीपेक्षा चढ नडतो, सिंहगड काही फार उंच नाही पण पायथ्यापासून चालत जाणं तुमच्यासाठी नाही. केदारनाथ आणि लेह साडेतीन हजाराच्या घरात आहेत, तिथे नाही म्हणजे नाही, घोड्यावरूनही नाही.

वारीबद्दल दरवर्षी जूनमध्ये विचारतात आणि नाही म्हणताना मला जड जातं. पूर्ण वाट नाही. पण पालखी आपल्या गावात येते तेव्हा सपाट रस्त्यावर शंभर पावलं, खुर्ची घेऊन सोबत कोणीतरी, आधी डॉक्टरांना विचारून, असं दोन पेशंटनी केलंय.

१६. आमच्या तालुक्यात असा व्यायाम शिकवणारं सेंटर नाही. फोनवर शिकवाल का?

सुरुवात फोनवर नको. एकदा तरी असं कोणीतरी समोर हवं जे तुम्ही चालताना नाडी, बीपी, ऑक्सिजन बघेल. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात हृदय किंवा फुप्फुसाचं रिहॅब असतं, फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीतही विचारा. तपासणीला जाल तेव्हाच चार-पाच दिवस राहायची सोय करा, शिका, आणि मग घरी करून आठवड्याला फोन, हे जमतं, हायडेलबर्गचेही पुढचे १२ आठवडे घरीच होते. तिथे गेल्यावर "मला पीएएच आहे" हे पहिलं सांगा, कारण बायपास झालेल्यांना किंवा दम्याच्या पेशंटना जेवढं पुढे ढकलतात तेवढं तुम्हाला ढकलायचं नसतं. जिममधल्या ट्रेनरकडून नको.

१७. सर्दी-ताप झाला, मधे दोन आठवडे गॅप पडला. परत तिथूनच सुरू करू?

तापात पूर्ण बंद. ताप गेल्यावर दोन दिवस थांबा आणि सोडलं होतं त्याच्या निम्म्यावर या. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्या. फरक साधारण तीन महिन्यांनी कळतो, आणि सोडलं की कमावलेलं काही आठवड्यांत कमी व्हायला लागतं, त्यामुळे कमी करा पण सोडू नका.

१८. सोबत कोणी लागतंच का? मिस्टर येतात पण ते पुढे निघून जातात.

पहिले काही महिने लागतंच. आणि त्यांना हे वाचून दाखवा : तुम्ही अर्धं पाऊल मागे चाला, वेग तिचा. "चल चल, अजून थोडं" म्हणायचं नाही. खिशात फोन, गोळ्यांची यादी आणि चिठ्ठीवरचे चार आकडे ठेवा, आणि तिला अधूनमधून काहीतरी विचारत राहा, उत्तर तुटायला लागलं की जवळचा कट्टा बघून आधी तुम्हीच बसा.